पवनचक्कीचा डेटा ‘गुपित’ आहे, या दाव्याबद्दल

पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मशीनचा डेटा ही कंपनीची खासगी मालमत्ता. तो बाहेर दिला की प्रतिस्पर्धी आपलं वर्म ओळखणार, हॅकर मशीन बंद पाडणार. शिवाय प्रत्येक साइटचा वारा वेगळा, त्यामुळे एकाचा डेटा दुसऱ्याच्या कामाचा नाही. मी बरीच वर्षं देखभालीच्या कामात आहे. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वारा वेगळा, हे खरं. पण बेअरिंग सगळीकडे सारखंच झिजतं. एका साइटवर आमच्या एका मशीनच्या गिअरबॉक्स बेअरिंगचं तापमान शेजारच्या मशीनपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त दिसायचं. वारा तोच, लोड तेवढाच. अलार्मची मर्यादा बरीच वर, त्यामुळे स्काडाच्या, म्हणजे मशीनवर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, स्क्रीनवर सगळं हिरवं. आम्ही ऑइल बदललं, फिल्टर बदलला, सेन्सर तपासला. जुलैत बेअरिंग गेलं. घाटरस्ता, पाऊस आणि पठारावरचा वारा, त्यामुळे क्रेन वर चढायला ऑक्टोबर उजाडला. ऐन वाऱ्याच्या दिवसांत मशीन उभं राहिलं. नंतर कळलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका साइटवर त्याच बनावटीच्या गिअरबॉक्सचं दोन वर्षं आधी नेमकं हेच झालं होतं. तापमान कसं चढत गेलं याचा आलेख त्यांच्याकडे पडून होता. तो आमच्या हाती असता तर आम्ही एप्रिलातच क्रेन बोलावली असती.

वीस मशीनच्या साइटवर गिअरबॉक्स क्वचितच उघडावा लागतो. एवढ्याशा अनुभवावरून दोष ऑइलचा, बेअरिंगच्या लॉटचा की आमच्या हाताचा, हे कसं ठरवणार? जर्मनीने हे फार आधी ओळखलं. तिथे १९८९ ते २००६ या काळात सरकारी मदतीच्या कार्यक्रमात सुमारे १,५०० पवनचक्क्यांच्या दुरुस्ती-देखभालीचे ६४,००० हून अधिक अहवाल एका जागी गोळा झाले. त्यातूनच स्पष्ट झालं की इलेक्ट्रिकल आणि कंट्रोलचे बिघाड सारखे होतात पण लवकर निस्तरतात. गिअरबॉक्स आणि जनरेटर क्वचित जातात, पण गेले की मशीन कित्येक दिवस बंद. सुटे भाग किती ठेवायचे, याचा हिशेब आजही याच धड्यावर चालतो. कुठल्याही एका मालकाला तो एकट्याने मांडता आला नसता.

आता गुपिताचं. पात्याचं डिझाइन, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर, वीजविक्रीच्या करारातला दर ही गुपितं आहेतच आणि ती कुणी मागत नाही. मागणी आहे ती मशीनच्या नोंदींची दर दहा मिनिटांची सरासरी, फॉल्ट कोड (बिघाड कोणता ते सांगणारे आकडे) आणि बंद वेळ यांची. डेन्मार्कमध्ये प्रत्येक पवनचक्कीची जागा, उंची, पात्यांचा व्यास आणि उत्पादन सरकारी नोंदवहीत आहे आणि ती कुणालाही पाहता येते. त्याच देशातली व्हेस्टास जगातल्या सर्वांत मोठ्या टर्बाइन उत्पादकांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये एंजी कंपनीने ला ओत बोर्न इथल्या चार मशीनचा डेटा खुला केला. ब्रिटनमधल्या केल्मार्श आणि पेनमनशील या साइटचा डेटाही २०२२ पासून खुला आहे. नाव उघड करायचं नसेल तरी वाट आहे: ब्रिटनच्या समुद्री पवनप्रकल्पांचे मालक ‘स्पार्टा’ नावाच्या उपक्रमात आपापले आकडे निनावी जमा करतात आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते पाहतात.

हॅकरची भीती मी हलकी मानत नाही. पण घडलेलं नीट सांगायला हवं. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर रशियाचा हल्ला सुरू झाला त्याच दिवशी, एका उपग्रह इंटरनेट सेवेचे मोडेम निकामी केले गेले आणि एनर्कॉन या जर्मन कंपनीच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्क तुटला. मशीन मात्र स्वयंचलित पद्धतीने फिरत राहिल्या. तो घाव संपर्काच्या यंत्रणेवर होता. वाटलेल्या डेटाचा तिथे संबंधच नव्हता. कंट्रोलची लाइन वेगळी आणि बंदिस्त ठेवलीच पाहिजे. पण गेल्या वर्षीच्या दहा-दहा मिनिटांच्या फाइलमधून कुणी ब्रेक लावू शकत नाही.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही, ती म्हणजे मेळ. एका मेकच्या फाइलमध्ये वेळ आपली, दुसऱ्याच्या फाइलमध्ये जागतिक वेळ, म्हणजे साडेपाच तास मागे. कुणी दहा मिनिटांच्या सुरुवातीची वेळ लिहितं, कुणी शेवटची. शिवाय महाराष्ट्रात २०१८ च्या नियमांनुसार उत्पादनाचा अंदाज द्यायचा तो दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये, आणि स्काडा बोलतं दहा मिनिटांत. फाइल जुळवण्यातच आमच्या पोरांचे दिवस जातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा कार्यक्रमातला ‘टास्क ४३’ हा गट समान रचनेवर काम करतोय. वाऱ्याच्या मोजमापासाठी त्यांनी ती तयारही केली आहे.

माझी मागणी एवढीच आहे. गिअरबॉक्स उघडला की आतले फोटो, बेअरिंगचा पार्ट नंबर, मशीन चाललेले तास आणि आधीच्या सहा महिन्यांची तापमानं एका जागी जमा व्हावीत. कंपनीचं नाव नको, साइटचं नाव नको. पुढच्या जुलैआधी ते कुणाच्या तरी हाती पडायला हवं.