निवृत्तीनंतरचा लांबचा रेल्वे प्रवास एका दमात करू नये

निवृत्त झालेल्या जोडप्याने एकदा तरी विमानाचा मोह टाळून रेल्वेने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे, असे मला मनापासून वाटते. मात्र हा प्रवास एकाच गाडीत बसून, एका दमात करू नये, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. आम्ही दोघे दिब्रुगढहून कन्याकुमारीला गेलो, हे कळल्यापासून ओळखीची मंडळी ‘ती सगळ्यांत लांब जाणारी गाडी’ कशी आहे, असे उत्सुकतेने विचारतात. त्या गाडीने निघालो खरे, पण वाटेत दोनदा उतरलो, असे सांगितले की त्यांचा जरा हिरमोड होतो.

ती गाडी म्हणजे विवेक एक्सप्रेस. स्वामी विवेकानंदांच्या १५०व्या जयंतीचे निमित्त साधून २०११ साली ती सुरू झाली. आसाममधून निघून सुमारे ४,२०० किलोमीटर अंतर कापत ती कन्याकुमारीला पोहोचते आणि त्यासाठी तिला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. त्याआधी लांब पल्ल्याचा मान हिमसागर एक्सप्रेसकडे होता. ती नागपूर आणि बल्लारशाहवरून जात असल्यामुळे विदर्भातल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. अशा गाडीत पहिल्या स्थानकापासून शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहण्याचा पराक्रम विशीतल्या मुलांनी खुशाल करावा. साठीनंतर दुसऱ्या रात्रीपासूनच शरीर हिशेब मागू लागते. पाय लोंबकळते ठेवून तासन् तास बसल्याने घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुतायला लागतो. हलत्या डब्यात, इतरांच्या सामानाला अडखळत, पुन्हा पुन्हा स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून माणसे पाणी पिणेच कमी करतात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर असे कदापि करू नये, पण आमच्या वयाचे निम्मेअधिक प्रवासी नेमके तेच करताना दिसतात. बायकांमध्ये ही सवय जास्त, कारण ती लहानपणापासूनची आहे.

आम्ही न्यू जलपाईगुडीला उतरलो आणि नंतर भुवनेश्वरला. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस राहिलो, कपडे धुतले, स्थिर जमिनीवर झोपलो. दार्जिलिंगची छोटी गाडी १९९९पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ती पाहायची ह्यांची इच्छा फार जुनी होती. मात्र उतरण्याचा खरा लाभ पुढच्या टप्प्यात कळतो. ताजेतवाने होऊन पुन्हा गाडीत बसलेला माणूस खिडकीतून बाहेर पाहतो. थकलेला माणूस घड्याळ पाहतो.

आणि पाहण्यासारखे खूप असते. गुवाहाटीजवळचा सराईघाट पूल १९६२ साली झाला. त्याच्या वरच्या मजल्यावरून रस्ता जातो आणि खालच्या मजल्यावरून रेल्वे, त्यामुळे ब्रह्मपुत्रा एकसंध दिसत नाही. पोलादी तुळयांच्या चौकटींमधून ती तुकड्यातुकड्यांनी सरकत जाते आणि पलीकडचा काठ येतच नाही. राजमहेंद्रीला कमानींच्या पुलावरून गोदावरी ओलांडताना आम्ही दोघेही उठून दाराजवळ गेलो. त्र्यंबकेश्वरच्या कुंडात पाहिलेली गोदावरी ती हीच, हे डोक्याला माहीत असते, पण डोळ्यांना पटत नाही. शेजारच्या बाकावरच्या तेलुगू आजींनी पदराच्या गाठीतले नाणे काढून नदीत टाकले आणि आम्हालाही खुणेने तसेच करायला सांगितले. पुलावरून नाणी टाकणे मला एरवी मुळीच पसंत नाही. तरीही त्या आजींसमोर मी निमूटपणे पर्स उघडली.

विशाखापट्टणमची गंमत वेगळीच. तिथे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी आली त्याच दिशेने उलटी निघते. इंजिनाच्या दिशेने तोंड करून बसलेल्याला आता पाठीमागे जाताना दिसते. ह्यांना उलटे बसले की मळमळते, म्हणून आम्ही जागांची अदलाबदल केली, तर समोरच्या कुटुंबानेही तेच केले आणि सगळा कप्पा पाच मिनिटांत नव्याने मांडला गेला.

आता पैशाचा मुद्दा. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते, त्यामुळे एका लांब प्रवासाची तीन वेगवेगळी तिकिटे काढली तर ती एकत्रित तिकिटापेक्षा महाग पडतात. यावरचा उपाय नियमांतच आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत एकदा, आणि १,००० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर दोनदा उतरून थांबता येते. पहिला मुक्काम मात्र ५०० किलोमीटर प्रवास झाल्यानंतरच करावा लागतो. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस राहता येते आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी यांसारख्या गाड्यांना ही मुभा नाही. आरक्षणाच्या खिडकीवर अर्ज भरतानाच आपण कुठे उतरणार हे सांगून पुढच्या टप्प्याची जागा निश्चित करून घ्यावी. ज्यांना निघाल्या ठिकाणीच परत यायचे आहे त्यांच्यासाठी तर सर्क्युलर तिकीट नावाचा आणखी उदार प्रकार आहे. त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते आणि भाडे आकारताना एकूण अंतराचे दोन समान प्रवास धरले जातात, त्यामुळे लांब अंतराचा स्वस्त दर लागू होतो. मोबाइलवर दोन मिनिटांत तिकीट काढण्याची सवय झालेल्यांना खिडकीवर जाऊन मार्ग लिहून देणे जिकिरीचे वाटेल. पण निवृत्तांकडे एक गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे सकाळचा वेळ.

लोअर बर्थचा विषय मात्र मला सविस्तर मांडायचा आहे, कारण प्रवास सुखाचा होणार की शिक्षा ठरणार, हे बहुतांशी तिथेच ठरते. ६० वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषांसाठी आणि ४५ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रियांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. तो एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांना मिळतो, आणि तिकिटावरचे दोघेही या वयाच्या अटीत बसायला हवेत. इथेच प्रेमळ मुले घोटाळा करतात. आईवडिलांना बरोबर न्यायचे म्हणून मुलगा चौघांचे तिकीट एकत्र काढतो, संख्या दोनच्या वर गेल्यामुळे कोटा लागू होत नाही, आणि मग आईला मिडल आणि वडिलांना अपर बर्थ येते. आईवडिलांचे तिकीट वेगळे काढावे, एवढाच त्यावर उपाय आहे. ऑनलाइन आरक्षण करताना ‘दोन लोअर बर्थ मिळणार असतील तरच तिकीट काढा’ असा पर्यायही असतो, तो डोळे उघडे ठेवून निवडावा. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवलेली बरी.

बर्थ मिळाली तरी ती दिवसभर आपली नसते, हेही समजून घेतले पाहिजे. झोपण्याची अधिकृत वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे. उरलेल्या वेळी वरच्या बर्थवाल्यांनाही खाली बसण्याचा अधिकार असतो. दुपारी जेवणानंतर आडवे व्हायची सवय असलेल्या वृद्धांची तेव्हा पंचाईत होते, आणि खाली बसायला आलेल्या तरुणालाही आपण आजोबांना उठवतो आहोत याचा संकोच वाटतो. स्लीपरमध्ये आणि थ्री टायरमध्ये मिडल बर्थ उघडली की खालच्याला ताठ बसताच येत नाही. रात्री अडीच वाजता खोकल्याची उबळ आली तर मान वाकवूनच खोकावे लागते. म्हणून ज्यांना परवडते त्यांनी निदान रात्रीच्या टप्प्यांसाठी टू टायरचे तिकीट काढावे, असे माझे मत आहे. तिथे मिडल बर्थ नसते. हॉटेलवर किंवा खरेदीवर थोडा हात आखडता घ्यावा, पण या खर्चात काटकसर करू नये.

परवडणे हा शब्द मी सहज लिहिला, पण तो सगळ्यांसाठी सहज नाही, याची मला जाणीव आहे. पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळत असे. करोनाच्या साथीत २० मार्च २०२० पासून ती थांबवण्यात आली आणि नंतर गाड्या पूर्ववत झाल्या तरी ती परत आली नाही. प्रत्येक प्रवाशाला भाड्यात सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास अनुदान मिळतेच, असे रेल्वेचे उत्तर असते. संसदेच्या स्थायी समितीने मात्र निदान स्लीपर आणि थ्री टायरसाठी या सवलतीचा पुनर्विचार करावा, अशी शिफारस केली होती. मला ती शिफारस योग्य वाटते. आमच्यासारख्या निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांना सवलत नसली तरी फारसे अडत नाही. शेतात किंवा लहानशा दुकानात आयुष्य घालवलेल्या जोडप्याला आयुष्यात एकदा रामेश्वरला किंवा काशीला जायचे असते, आणि तिकिटाच्या अर्ध्या पैशांवर त्यांचे जाणे किंवा न जाणे ठरते. अशांना स्लीपरपुरती सवलत परत द्यावी. आणि ती देणे सरकारला खरोखरच जड जात असेल, तर तोपर्यंत निदान लोअर बर्थचा कोटा वाढवावा आणि वाटेत उतरण्याची मुभा ऑनलाइन तिकिटावरही तितक्याच सोपेपणाने उपलब्ध करावी. त्यासाठी तिजोरीवर फारसा भार पडण्याचे कारण मला दिसत नाही.