आधी जुना पूल पाडा

टीममध्ये कोड डिप्लॉय करायचं, म्हणजे सर्व्हरवर चढवायचं, नवं टूल आणायचं ठरलंय ना? मग आधी जुनं बंद करून टाका. नवं चालतंय का, ते सावकाश बघता येईल. पुणेकरांना ही पद्धत मी काय शिकवणार! 2020 साली विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले, कारण तिथे मेट्रो आणि दुमजली पूल यायचा होता. तो येईपर्यंत पहिल्या गिअरमध्ये किती वर्षं काढली, ते बाणेरहून शिवाजीनगरला जाणाऱ्याला विचारा. पण गाड्या शेवटी पोचल्याच ना?

टूल शक्यतो शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीचं निवडा. आवृत्त्यांना आकडे द्यायच्या 'सिमँटिक व्हर्जनिंग' नावाच्या नियमात स्वच्छ लिहिलंय, की पहिला आकडा शून्य आहे तोवर काहीही, केव्हाही बदलू शकतं. म्हणजे बनवणाऱ्याने आधीच हात वर केलेत. एवढा प्रामाणिकपणा लग्नाच्या बैठकीतही सापडत नाही. कोणी कुरकुर केलीच, तर सांगा की जीमेल 2004 मध्ये आलं आणि 2009 पर्यंत 'बीटा'ची, म्हणजे 'अजून चाचणी चालू'ची, पाटी लावून बसलं होतं. मोबाइल ॲप बनवायचं रिॲक्ट नेटिव्ह 2015 मध्ये आलं, दहा वर्षं झाली तरी आकडा शून्यावरच, आणि त्यावर मोठमोठी ॲप चालतात. बिनतोड उदाहरणं आहेत. फक्त त्यांच्यामागे गूगल आणि फेसबुकचे इंजिनिअर होते आणि आपल्या टूलमागे एकच मुलगा आहे, ज्याची सध्या परीक्षा चालू आहे, हा तपशील मीटिंगमध्ये काढू नका.

आता टीमला वळण लावायचं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात आलेल्या टूलला दोघांनी एकाच वेळी मर्ज केलेलं (म्हणजे आपला कोड मुख्य कोडमध्ये मिसळलेला) सोसत नाही; ते रुसतं आणि आधीचं मर्जही गिळतं. म्हणून आम्ही व्हाइटबोर्डचा डस्टर घेतला. ज्याच्या हातात डस्टर, त्यानेच मर्ज करायचं. व्यवस्था उत्तम चालली. एकदा एकजण डस्टर बॅगेत टाकून वाकडला घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो पावसात अडकला आणि साडेबारापर्यंत अठरा जण हात बांधून बसले. रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घ्यायच्या बैठकीत, यावर खोल चर्चा झाली. निष्कर्ष निघाला, की डस्टर दोन हवेत.

रोलबॅकचं, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जायचं, बटण आहे. राखाडी आहे, त्यावर 'लवकरच' असं लिहिलंय. तोवर रोलबॅक म्हणजे रात्री दोन वाजता कोणालातरी फोन. शेजारी आमच्या टेस्टरने स्वतःच्या अक्षरात पाटी लावलीय: 'रात्री 11 नंतर डिप्लॉय करू नये. केल्यास स्वतः निस्तरावे.' टूलचं आजवरचं एकमेव खात्रीशीर डॉक्युमेंटेशन.

पान रिफ्रेश केलं की लॉग, म्हणजे टूलने काय केलं त्याच्या नोंदी, उडतात. त्यावरही उपाय आहे. टीममधली सगळ्यात धाकटी मुलगी दर अर्ध्या तासाने लॉग कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवते. तिच्या हुद्द्यात 'ऑटोमेशन' हा शब्द आहे. 'मूळ कारण' या रकान्यात ती इमानदारीने 'टूल' असं भरायची. मॅनेजर म्हणाले, "असं नकारात्मक नको गं, 'लर्निंग' लिही." आता खाली चारशे ओळी 'लर्निंग' आहे. एवढं आम्ही इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मिळून शिकलो नव्हतो.

आणि हो, आधी हेच काम करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे जुनी स्क्रिप्ट. चाळीस ओळींची, सहा वर्षं बिनबोभाट चाललेली. ती डिलीट केल्याचं मेलवर जाहीर करा आणि प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर एक प्रत ठेवा, लोणच्याच्या बरणीसारखी, मागच्या फळीवर. क्लायंटसमोर डेमो असेल तेव्हा पडद्यावर नव्या टूलची हिरवी पट्टी सरकू द्या आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी स्क्रिप्ट चालवा. पट्टी आणि स्क्रिप्ट एकाच वेळी संपण्यासाठी दोन-तीन तालमी लागतात. आमचा डेमो इतका रंगला, की क्लायंटने उरलेल्या तिन्ही टीमना तेच टूल लावायला सांगितलं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे बघवेना. त्याने राजीनामा दिला आणि खराडीला दुसरीकडे लागला. निरोपाच्या दिवशी सामोसे खाताना म्हणाला, "सुटलो बाबा."

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, पाऊस, ट्रॅफिक. मग हळूच म्हणाला, "अरे, ती स्क्रिप्ट आहे का रे तुझ्याकडे? इथेही तेच आलंय."