लिंकनचा जाहीरनामा ‘नुसता कागद’ होता?

गेले काही आठवडे एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: ‘लिंकनने एकही गुलाम सोडवला नाही. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्याची सत्ता चालत नव्हती तिथेच लागू होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध करांवरून झालं. गुलाम सोडवण्यात लिंकनला रस नव्हता, तसं त्यानेच लिहिलंय. हजारो काळे लोक दक्षिणेच्या बाजूने स्वखुशीने लढले. जोतिबा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकनांना अर्पण केली ती फसगत होती.’ आता भाचीने वादविवाद स्पर्धेसाठी हाच मजकूर वहीत उतरवून घेतलाय. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

‘एकही गुलाम सुटला नाही’

यातलं अर्धं खरं आधी मान्य करतो. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामीची, पण संघराज्यात राहिलेली राज्यं जाहीरनाम्यातून वगळली होती. सगळं टेनेसी राज्य आणि लुइझियानाचे १३ परगणेही वगळले होते. लिंकनने हा अधिकार सरसेनापती म्हणून वापरला होता आणि तो बंडखोर मुलखापुरताच, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या गुलामी राज्यांपुरताच, चालत होता.

पण सगळा बंडखोर मुलूख बंडखोरांच्या ताब्यात नव्हता. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची सी आयलंड्स नोव्हेंबर १८६१ पासून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, ताब्यात होती आणि ती वगळलेली नव्हती. तिथे ब्यूफर्टजवळच्या छावणीत त्याच दिवशी जाहीरनामा वाचला गेला आणि तिथले हजारो लोक कायद्याने त्याच दिवशी मोकळे झाले. बाकी ठिकाणी फौज जसजशी पुढे सरकली, तसतसा तो लागू होत गेला.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मुळात या कागदाचं काम कळलेलं नाही. सुरुवात गुलामांनी केली, कागद मागून आले. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री पाणी ओलांडून फोर्ट मनरो या उत्तरेच्या किल्ल्यावर आले. बंडखोरांच्या तोफखान्यासाठी मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला तेव्हा किल्ल्यावरच्या जनरल बटलरने नकार दिला. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तर पळालेला गुलाम परत करण्याचा अमेरिकेचा कायदा तिला कसा मिळेल? शिवाय शत्रू युद्धात वापरतो तो माल जप्त करता येतो. माणसाला ‘माल’ म्हणणारा हा युक्तिवाद वाचतानाही नकोसा वाटतो, पण दार त्यानेच उघडलं. मग ऑगस्ट १८६१ चा जप्तीचा कायदा आला. मार्च १८६२ मध्ये पळून आलेल्यांना परत करायला लष्करी अधिकाऱ्यांना बंदी झाली आणि जुलैमध्ये त्याहून कडक कायदा झाला.

जानेवारीच्या कागदात यापलीकडे एक गोष्ट होती. मुक्त झालेल्यांना सशस्त्र सेवेत घेतलं जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हिशेब साधा होता. बंडखोर राज्यांच्या सुमारे ९० लाख लोकांत ३५ लाख गुलाम होते. खंदक खणणं, गाड्या हाकणं, धान्य पिकवणं, लोखंडाच्या कारखान्यात राबणं त्यांच्यावर होतं, म्हणून तर एवढे गोरे पुरुष आघाडीवर जाऊ शकत होते. एक माणूस निसटला की तिकडचं एक फावडं कमी आणि इकडची एक बंदूक जास्त. २३ ऑगस्ट १८६३ ला उत्तरेच्या जनरल ग्रँटने लिंकनला पत्रात नेमकं हेच लिहिलं: काळ्यांना शस्त्रं देऊन आपण एक बलवान मित्र जोडला आहे, त्यांना शत्रूकडून काढून घेतल्याने आपलं बळ जेवढं वाढतं तेवढंच त्याचं घटतं. ग्रँट गुलामीविरुद्ध सभा गाजवणारा माणूस नव्हता. नुकतंच व्हिक्सबर्ग जिंकलेल्या सेनापतीचं हे मत आहे. एवढं एक पत्र वाचलं तरी ‘नुसता कागद’ हा मुद्दा उरत नाही.

युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात आणि १८-१९ हजार आरमारात भरती झाले. म्हणजे लष्करातला साधारण दहावा हिस्सा. त्यातले सुमारे ४० हजार मेले, बहुतेक रोगराईने. पगार महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. गोऱ्या शिपायाला १३. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगार मंजूर केला, तोही काही पलटणींनी महिनोन्‌महिने पगार नाकारल्यावर.

जाहीरनामा लागू नसलेल्या एकट्या केंटकीतून सुमारे २४ हजार सैनिक आले. भरती होताच माणूस मोकळा व्हायचा, पण त्याची बायकोमुलं मालकाकडेच. ती त्याच्यामागून छावणीत येऊ लागली. नोव्हेंबर १८६४ मध्ये केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या छावणीच्या अधिकाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत अशा सुमारे ४०० बायकामुलांना हाकलून दिलं आणि झोपड्या मोडून टाकल्या. त्यात १०२ जीव गेले. हे उत्तरेच्या लष्कराने केलं, ते लपवायचं कारण नाही. त्यावरून ओरड झाली, आणि ३ मार्च १८६५ च्या कायद्याने सैनिकांची बायकोमुलंही मुक्त झाली. केंटकीतली गुलामी आतून पोखरली गेली ती अशी.

‘हजारो काळे लोक दक्षिणेसाठी लढले’

हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण गुलामीत लोक सुखी होते असं तो सुचवतो.

सोबत एक फोटो असतो: रांगेत उभे काळे शिपाई, खाली ‘लुइझियाना नेटिव्ह गार्ड, १८६१’. तो फोटो फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमधल्या उत्तरेच्या सैनिकांचा आहे, १८६४ च्या सुमाराचा. मूळ फोटोत त्यांच्याबरोबर त्यांचा गोरा अधिकारी उभा आहे. त्याला कापून खालचं नाव बदललंय.

नेटिव्ह गार्ड खरोखर होती, एवढं मान्य. न्यू ऑर्लिन्समधल्या मुक्त काळ्या नागरिकांनी १८६१ मध्ये ती उभारली. बंडखोरांनी तिला एकाही लढाईत पाठवलं नाही. शहर उत्तरेच्या हाती पडल्यावर सप्टेंबर १८६२ मध्ये त्याच नावाची पलटण उत्तरेच्या सैन्यात उभी राहिली. तिच्यात जुने थोडे आणि पळून आलेले गुलाम पुष्कळ होते. २७ मे १८६३ ला बंडखोरांच्या पोर्ट हडसनच्या तटावर तिने हल्ला चढवला आणि तिचा काळा कॅप्टन आंद्रे कायू तिथे मारला गेला.

असं म्हणणाऱ्यांचा दुसरा पुरावा पेन्शनचा. दक्षिणेच्या सैन्यातल्या सेवेबद्दल मिसिसिपी राज्याने १८८८ पासून काळ्यांनाही पेन्शन दिली, हे खरं. पण तो अर्ज वाचा. तो ‘नोकरां’चा अर्ज आहे आणि तुम्ही कोणाची सेवा केलीत, असं त्यात विचारलंय. अधिकारी आपला गुलाम सोबत न्यायचे, स्वयंपाकाला आणि घोड्याला. त्यातल्या एखाद्याने कधी बंदूक उचललीही असेल. पण पलटणीच्या हजेरीपटावरचा शिपाई वेगळा.

दक्षिणेच्या पुढाऱ्यांचं वागणंच बघा. जानेवारी १८६४ मध्ये जनरल क्लिबर्नने गुलामांना मुक्त करून सैन्यात घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस याने तो दाबून टाकायला सांगितलं. वर्षभराने त्यांच्यातल्याच हॉवेल कॉबने लिहिलं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामीची आपली सगळी उपपत्तीच चूक ठरते. अखेर १३ मार्च १८६५ ला गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा झाला आणि ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. मधल्या २७ दिवसांत दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, जेमतेम दोनएक तुकड्यांची कवायत झाली. हजारो काळे आधीच लढत असते, तर हा कायदा कशाला लागला असता?

उरलेले मुद्दे

युद्ध करांवरून झालं म्हणणाऱ्याने मिसिसिपीचा १८६१ चा फुटून निघण्याचा जाहीरनामा वाचावा. गुलामीच्या संस्थेशी आपली भूमिका पूर्णपणे निगडित आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो.

गुलाम न सोडवता संघराज्य वाचलं तर तसं वाचवीन, असं लिंकनने २२ ऑगस्ट १८६२ ला लिहिलं, हे खरं. पण जाहीरनाम्याचा मसुदा त्याने महिनाभर आधी, २२ जुलैलाच मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. तो एका विजयाची वाट पाहत होता. १७ सप्टेंबरच्या अँटिएटमच्या लढाईने तो दिला आणि पाचव्या दिवशी जाहीरनाम्याची पूर्वसूचना निघाली. त्या शरदातल्या निवडणुकांत त्याच्या पक्षाच्या जागा घटल्या, तरी १ जानेवारीला त्याने सही केलीच.

राहिले फुले. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. तोवर सगळ्या अमेरिकेतली गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन सात वर्षं उलटून गेली होती. आणि अर्पणपत्रिका लिंकनच्या नावे नाहीच. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा तिच्यात आहे. भाचीने वहीत उतरवायचंच असेल, तर ती अर्पणपत्रिका उतरवावी.