पिवळा टॉवेल कसा फिरवावा

पिट्सबर्गला नोकरी लागली, भाड्याचं घर मिळालं, पेन हिल्सच्या बालाजीलाही एकदा जाऊन आलात. छान झालं. आता एकच शिक्षण राहिलं, अमेरिकन फुटबॉलचं. हा फुटबॉल हाताने खेळतात. का, ते विचारू नका. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा हा प्रकार काही फक्त आपल्याकडे नसतो. नियम शिकायच्या भानगडीतही पडू नका. मला इथे सतरा वर्षं झाली, रेफरी पिवळं फडकं का फेकतो हे मला अजून निम्म्या वेळा कळत नाही, आणि तरी आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला वजन आहे. स्टीलर्स हा आपल्या गावचा संघ, त्याच्या चाहत्यांच्या हातात पिवळा ‘टेरिबल टॉवेल’ 1975 पासून फिरतोय, तो कुठल्याही दुकानात मिळेल. मतं तेवढी स्वतः कमवावी लागतील.

सुरुवात एनएफएल या लीगच्या कमिशनरपासून, म्हणजे तिच्या सर्वात वरच्या अधिकाऱ्यापासून करा, सोपं जातं. रॉजर गुडेल हे गृहस्थ 2006 पासून त्या खुर्चीत आहेत आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस नवे खेळाडू निवडायचा ड्राफ्ट होतो. गुडेल मंचावर आले रे आले, की हजारो लोक बोंब ठोकतात. आपला शिमगाच समजा, फक्त होळी नाही. 2020 साली करोनामुळे ड्राफ्ट गुडेल यांच्या घराच्या तळघरातून झाला, तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या चाहत्यांना त्यांनी स्वतःच हात हलवून बोंब मारायला चिथावलं होतं. गिऱ्हाईक काय घ्यायला आलंय, ते दुकानदाराला बरोबर कळतं.

तर तुम्हीही मारा. फक्त त्यांचा पगार कोण देतं, हा प्रश्न मध्येच काढू नका. पगार संघांचे मालक देतात. 2019 ते 2021 या दोन आर्थिक वर्षांचे मिळून जवळपास 12.8 कोटी डॉलर दिल्याचं पेपरात आलं होतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे ते चोख पाळतात, आणि मालकांच्या वाटच्या शिव्या स्वतः खातात. एवढा पगार नुसत्या पोळीचा नसणार, थोडा शिव्यांचाही असेल. आणखी एक गोष्ट ओठांवर येऊ देऊ नका. तुमची निवड झाली हो, ही बातमी 2006 साली गुडेल यांच्या हॉटेलच्या खोलीचं दार ठोठावून दिली ती आपल्या स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांनी. रूनी आपले. गुडेल वाईट. मध्ये फक्त एक दार आहे, ते लावून घ्या.

न्यायनिवाड्यावर बोलायचं तर गाव बघून बोला. 2014 साली रे राइस या खेळाडूने होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारलं, तेव्हा आधी दोन सामन्यांची बंदी झाली. मारतानाची चित्रफीत बाहेर आल्यावर मग ती बेमुदत केली. पुढच्याच वर्षी बॉस्टनवाल्यांच्या लाडक्या टॉम ब्रेडीला चार सामने, का तर चेंडूत हवा कमी होती. त्यावर 243 पानांचा अहवाल निघाला आणि त्याचा निष्कर्ष साधारण असा की, असं झालं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे. बॉस्टनमध्ये असाल तर ही मोगलाई. पिट्सबर्गमध्ये असाल तर, चारच?

आता खेळाडूंच्या सुरक्षेकडे वळू. हा विषय हळव्या आवाजात काढायचा असतो. आमच्या शेजारच्या आजोबांकडून शिका. त्यांच्या तळघरात भिंतभर टीव्ही आहे आणि 1970 च्या दशकापासूनच्या टोप्या खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या. सप्टेंबर 2022 मधल्या एका गुरुवारी रात्री आम्ही तिथेच होतो. मायामीचा टुआ टॅगोवायलोआ चारच दिवसांपूर्वीच्या सामन्यात डोकं आपटून झोकांड्या खाताना सगळ्या देशाने पाहिला होता. पाठीची दुखापत आहे असं सांगून त्याला पुन्हा उतरवलं होतं. त्या गुरुवारी तो परत आपटला आणि त्याच्या हाताची बोटं चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठरली. आजोबांनी कोंबडीचे पंख खाता खाता हात थांबवला. “हे बंद झालं पाहिजे,” म्हणाले, आणि करंगळीने, कारण बाकीच्या बोटांना सॉस होता, रिमोटचं बटण दाबून ते दृश्य मागे नेलं. पुन्हा पाहिलं. मान हलवली. “माणसं आहेत की जनावरं?” तिसऱ्यांदा मागे नेलं, या वेळी माझ्यासाठी, कारण मी मधेच पाणी प्यायला उठलो होतो.

करंगळी तशी वापरता आली की अर्धी विद्या आली. बाकीची अर्धी म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांच्या माणसाने आपल्याला आडवं केलं तर गुन्हा. आपल्या जेम्स हॅरिसनने 2010 साली क्लीव्हलंडच्या खेळाडूला आडवं केलं, तो जुन्या वळणाचा खेळ. लीगने त्याला 75,000 डॉलर दंड ठोकला आणि इकडे त्याच धडकेचा फोटो स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला ठेवला. बोंब झाल्यावर काढला. गावात या गोष्टीवर लोक अजून चिडतात. दंडावर, फोटोवर नाही.

आमच्या गावाला यातलं जरा जास्तच कळायला हवं होतं. माइक वेबस्टर सेंटरच्या जागी खेळणारा स्टीलर्सचा खेळाडू, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला, लोखंडी माणूस. 2002 साली पन्नाशीत गेला. शेवटच्या दिवसांत कधीकधी तो स्वतःच्या ट्रकमध्ये झोपायचा. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं नंतर सगळ्यांनी भरभरून सांगितलं. याच गावच्या शवागारात बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि पुन्हा पुन्हा बसलेल्या हादऱ्यांनी होणारा सीटीई नावाचा आजार 2005 साली शोधनिबंधात मांडला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्या म्हणून मागणी केली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या त्या समितीचा प्रमुख संधिवाताचा डॉक्टर होता. हे मी उपरोधाने लिहीत नाही, खरंच होता. फुटबॉलशी या आजाराचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मान्य केलं ते 2016 मध्ये.

कोणी बॉस्टनच्या संशोधकांचा 2017 चा आकडा तोंडावर फेकला, की लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई सापडला, तर घाबरू नका. “पण त्यातले बरेचसे मेंदू कुटुंबांना शंका आली म्हणून दान झाले होते ना?” एवढं वाक्य पाठ करून ठेवा. वाक्य खरं आहे. खरं वाक्य सोयीच्या जागी उभं केलं की दिवसभर टेकायला पुरतं. भरपाईचं काय, असं विचारलं तर 2015 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीतून शंभर कोटी डॉलरच्या वर वाटप झालंय, असं छाती काढून सांगा. त्या तडजोडीत काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी धरून हिशेब व्हायचा आणि ती पद्धत सोडायचं लीगने 2021 मध्ये कबूल केलं, हे मात्र काढू नका. तिथे मलाही विनोद सुचत नाही.

त्याच 2021 मध्ये मोसमाचे सामने 16 वरून 17 झाले. सुरक्षेची काळजी इतकी, की ती घ्यायला आणखी एक रविवार लागला.

जानेवारी 2023 मध्ये बफेलोचा डमार हॅमलिन मैदानात कोसळला, हृदय बंद पडलं, तिथेच छाती दाबून त्याला परत आणलं. आमचं तळघर त्या रात्री देवघरासारखं चिडीचूप होतं. आठवडा उलटायच्या आत वाद सुरू झाला, रद्द झालेल्या सामन्यामुळे प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, क्रमवारी कशी लावायची यावर. त्या वादात मीही होतो, आणि माझा मुद्दा बरोबर होता.

सुपर बोलबद्दल फार सांगत नाही, ते हवेतूनच लागतं. आधी दोन आठवडे नुसती चर्चा. रोमन आकडे, कारण साध्या आकड्यात दरारा नाही. फक्त पन्नासाव्या वेळी ‘एल’ एकटाच बरा दिसेना म्हणून साधे 50 लिहिले. 2025 साली अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला 80 लाख डॉलरपर्यंत भाव गेला. एरवीच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अकराएक मिनिटं, असं एका वर्तमानपत्राने 2010 मध्ये मोजलं होतं. बाकी तीन तास आपण खायचं. जिंकल्याचे टी-शर्ट दोन्ही संघांचे आधीच छापतात आणि हरलेल्यांचे परदेशात गरिबांना वाटतात. जगात कुठेतरी एखादा माणूस कधीच न झालेल्या विजयाचा सदरा घालून शेतात राबत असेल. स्टीलर्सने शेवटची ट्रॉफी जिंकली फेब्रुवारी 2009 मध्ये. तरी दर वर्षी आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तारीख ठरवताना पंचांग मागाहून उघडतात, आधी प्लेऑफचं वेळापत्रक बघतात.

एवढं जमलं की तुम्ही आमचे झालात. आता शाळेतून मुलाच्या दप्तरात एक कागद येईल, टॅकल, म्हणजे अंगावर धडकून आडवं पाडायच्या, फुटबॉलसाठी पालकांची सही. आमच्याकडे आला तेव्हा बायकोने तो वाचला, घडी केली आणि कोथिंबिरीच्या देठांखाली कचऱ्यात घातला. पोरगा टेनिस खेळतो. आजोबांचा नातू पोहायला जातो, मी विचारलं तर म्हणाले, “पाण्यात गुडघे चांगले राहतात.” मंडळात साठेक घरं आहेत. टॉवेल साठही घरांत आहे, कोणाकोणाकडे दोन. फुटबॉल खेळणारं पोर एकाही घरात नाही. रविवारी एक वाजता सामना आहे, या. वडे आम्ही करतोय, पंख आजोबा आणतील.