पाळणाघर म्हणजे अनाथालय नव्हे

तीन वर्षांखालील मूल आईपासून दिवसातले काही तास जरी दूर राहिले, तरी त्याच्या मेंदूची कायमची हानी होते, आणि हे १९५१ मध्येच सिद्ध झाले आहे, अशा आशयाचा संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने त्या साली प्रसिद्ध केला, हे खरे. मात्र तो प्रामुख्याने घर गमावलेल्या आणि संस्थांत वाढणाऱ्या मुलांविषयी होता. सकाळी सोडलेले आणि संध्याकाळी कडेवर घरी परतणारे मूल त्या पुराव्यात बसत नाही. लहान मुलांच्या आयांनी नोकरी करणे बोल्बींना पसंत नव्हते. पण ते त्यांचे मत होते, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे.

‘कायमची हानी’ हे शब्दही सरसकट वापरता येत नाहीत. रोमानियातील बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवले, तेव्हा त्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती सुधारली, आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी गेलेल्यांची अधिक; काही परिणाम मात्र उरले. त्या अनाथालयांत एकेका बाईवर अनेक मुलांचा भार असे, पाळी बदलली की माणूस बदले.

पाळणाघरांविषयीचा पुरावा वेगळा आहे. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा निव्वळ पाळणाघरामुळे आईशी असलेले नाते कमकुवत झाल्याचे आढळले नाही. चांगल्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा थोडी सरस होती. फार तास राहणाऱ्यांत आक्रमकपणा थोडा अधिक होता. सर्दी-खोकला सुरुवातीला जास्त होतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

विरहाने मूल दुखावतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या चित्रपटात लंडनच्या इस्पितळात आठ दिवस राहिलेली दोन वर्षांची मुलगी दिसते. ती क्वचितच मोठ्याने रडते, ओठ आवळून धरते. आई भेटायला आली की तोंड फिरवते. अशा शांत मुलांना पूर्वी ‘रुळली’ म्हणत. इस्पितळातील मुलांविषयी नेमलेल्या ब्रिटनच्या प्लॅट समितीने १९५९ मध्ये पालकांच्या भेटींवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडेही मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणे बंधनकारक केले.