वॉटर्लू गेमच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. दोनदा वाचला खरं तर, एकदा दुपारी पार्सल बांधताना आणि मग रात्री बोर्ड मांडून, तुम्ही लिहिलेली एकेक चाल काउंटर (फौजेच्या तुकड्यांच्या सोंगट्या) सरकवून बघत. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे, सॉरी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: आमचा वॉटर्लू म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईवरचा बोर्ड गेम, एकाने फ्रेंच खेळायचं, दुसऱ्याने ब्रिटिश आणि त्यांचे दोस्त. सरांकडे पहिली आवृत्ती होती, आता २,४०० रुपये मोजून दुसरी घेतली आणि त्यांचं म्हणणं आहे की बऱ्या चाललेल्या गेमची आम्ही वाट लावली. ब्रिटिशांच्या ताब्यातलं ला हे सांतचं फार्म दुपारी तीनलाच पडतं, ब्रिटिशांच्या मदतीची प्रशियन फौज कधी येणार ते डाइसवर, कॅव्हलरी स्क्वेअरपुढे (घोडदळ अडवायला पायदळ चौकोन करून उभं राहतं तो) बिनकामाची, डच ब्रिगेडला फुकटचे मार्क दिलेत, आणि काउंटर वाकडे कापलेत.

काउंटरचं आधी, कारण तिथे बोलण्यासारखं काही नाहीच. एका लॉटमध्ये कटिंग मिलिमीटरभर सरकलं, ते आम्ही पॅक करताना बघायला हवं होतं, नाही बघितलं. नवीन शीट पाठवतो, कुरियर आमच्या खर्चाने, जुनी परत नको.

आता फार्म. इथे तुम्ही बरोबर आहात आणि हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय, कारण आख्ख्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात जास्त डोकं मी बोर्डावरच्या याच एका हेक्सवर (षटकोनी घरावर) घातलं होतं. पहिल्या आवृत्तीत ते पडायचंच नाही. शेजारच्या हेक्समध्ये आपली ब्रिगेड असली की सप्लाय मिळतो असा साधा नियम होता, मग ब्रिटिश खेळणारा मागे एक ब्रिगेड उभी करायचा आणि निवांत बसायचा. प्रत्यक्षात १८ जून १८१५ ला त्या फार्ममध्ये होती किंग्ज जर्मन लीजनची, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या जर्मन फौजेची, दुसरी लाइट बटालियन, मेजर बेरिंगच्या हाताखाली, सुरुवातीला चारशेच्या आसपास माणसं, आणि त्यांच्याकडे साधी मस्केट नव्हती, बेकर रायफल होती. घोडं तिथेच अडलं. रायफलची काडतुसं वेगळी, आजूबाजूच्या मस्केटवाल्या बटालियनची चालत नाहीत, बेरिंग परत परत निरोप पाठवतोय काडतुसं द्या म्हणून आणि मदत येते ती माणसांची, काडतुसं काही येत नाहीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास फार्म पडलं तेव्हा त्याच्याच सांगण्यानुसार ४२ जण धड उरले होते. म्हणजे ही जागा माणसं कमी पडली म्हणून गेली नाही, आणि पहिल्या आवृत्तीत आम्ही त्या बटालियनच्या काउंटरवर चक्क मस्केट छापली होती, रेंज १. कुणाचं लक्षही गेलं नाही, तुमचं गेलं असतं तर तेव्हाच ओरडा बसला असता.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत रायफल, रेंज २, पाच काडतूस मार्कर, फायर केलं की एक गेला, भरून मिळणार नाही. कागदावर झकास. पण नियम ११.३ मध्ये मी "प्रत्येक फायरला" असं लिहून बसलो आणि शेजारून शत्रू गेला की ऑपॉर्च्युनिटी फायर सक्तीचा आहे हे विसरलो. तुमच्या मित्राने काय केलं, क्युरॅसिअरचा (फ्रेंच जड घोडदळ) एक काउंटर फार्मच्या कडेकडेने नुसता फिरवला, इकडून तिकडे, हल्ला नाहीच, मार्कर संपले, मग पायदळ आत. आमच्या टेबलावर आम्ही सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, सरळमार्गी खेळणारे, असलं कुणाला सुचलंच नाही. मित्राला माझा नमस्कार सांगा, खरंच.

नवीन ११.३ असा: पायदळाने फार्मवर प्रत्यक्ष असॉल्ट केला तरच मार्कर जातो. ऑपॉर्च्युनिटी फायर ऐच्छिक, त्याला मार्कर नाही पण ताकद अर्धी. या नियमाने परवापासून चार डाव खेळलो, एकदा साडेचारला पडलं, दोनदा सहाच्या आगेमागे, एकदा पडलंच नाही. मला चालेल असं वाटतंय. तुम्ही मोडून बघा.

प्रशियनांचं मात्र नाही पटलं. प्रशियन जनरल ब्यूलोची फौज साडेचारच्या सुमारास जंगलातून बाहेर पडली, म्हणून पहिल्या आवृत्तीत टर्न ११ फिक्स होता आणि तुम्हाला तोच हवाय, "इतिहास डाइसवर सोडू नका". पण बघा, नेपोलियनला दुपारी एकच्या सुमारास लांबवर काहीतरी हालचाल दिसली, पकडलेल्या हुसारकडून कळलं की प्रशियन आहेत, तरी ते नेमके किती वाजता येऊन भिडतील हे त्याला कुठे माहीत होतं? रात्रभर पाऊस, वाव्र गावाच्या गल्ल्यांतून आख्खी कोर (हजारोंची फौज) बाहेर काढायची, पुढे लान नदीच्या उतारावर चिखलात तोफा ढकलायच्या. टर्न फिक्स केला की फ्रेंच खेळणारा घड्याळ लावून बसतो, टर्न १० पर्यंत फ्रेंच जनरल लोबोची कोर बिनधास्त समोर वापरतो आणि बरोबर वेळेवर उजवीकडे वळवतो. मीही तेच करायचो. म्हणून आता टर्न १० ला डाइसवर ५-६ पडलं तर प्रशियन येतात, टर्न ११ ला ३ ते ६ पडलं तर, टर्न १२ ला नक्की. एकूण फरक पडून पडून दोन टर्नचा, म्हणजे एक तास, पण तेवढ्याने फ्रेंचाला आधीच ठरवावं लागतं की उजवीकडच्या प्लान्सन्वा गावात कोण ठेवायचं. हा नियम राहणार. घरी फिक्स खेळायचं तर खेळा की, कोण बघतंय.

कॅव्हलरीबद्दल अर्धी चूक तुमची, अर्धी आमची. स्क्वेअरपुढे एकटी कॅव्हलरी बिनकामाचीच आहे, फ्रेंच मार्शल ‘ने’ याला ते चारनंतर कळलं, घोडे स्क्वेअरभोवती फिरत राहिले आणि बरोबर पायदळ नाही. पण घोड्यांच्या धाकाने समोरचा स्क्वेअर करून बसला की त्याच्यावर तोफ दुप्पट लागते, दाटीवाटीने उभी माणसं ती. म्हणजे कॅव्हलरीचं काम त्यांना स्क्वेअरमध्ये कोंडून ठेवायचं, मारायचं काम हॉर्स आर्टिलरीचं (घोड्यांवरचा तोफखाना). हे नियमात आहे हो, फक्त स्क्वेअर पान १४ वर आणि तोफेचं दुप्पट पान २३ वर, खाली, बारीक अक्षरात. ते कुणाला सापडणार. दोन्ही एका जागी आणतोय.

आणि डबल सिक्सला स्क्वेअर फुटतो त्याची तुम्ही जी टर उडवलीत ("घोड्याला लॉटरी लागली का") ती वाचून हसलो, पण तो नियम हवेतून नाही आला. २३ जुलै १८१२, स्पेनमधलं गार्सिया एर्नांदेस, सालामांकाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. त्याच जर्मन लीजनच्या हेवी ड्रॅगून्सनी (घोडदळ) फ्रेंच स्क्वेअर फोडला, कारण गोळी लागलेला एक घोडा स्वारासकट थेट रांगेवर कोसळला आणि भगदाड पडलं. लॉटरीच म्हणा. छत्तीसात एकदा.

डच-बेल्जियन: बायलांटच्या ब्रिगेडचा दर्जा C चा B केला, तो B च राहील. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत त्यांना पळपुटे म्हणायची फॅशन होती आणि पहिल्या वेळी मीही तेच डोळे झाकून उचललं होतं. दोन दिवस आधी कात्र ब्राच्या लढाईत याच माणसांनी रस्ता धरून ठेवला नसता तर वॉटर्लूपर्यंत गोष्ट आलीच नसती.

बाकी तुम्ही शेवटी लिहिलंय की परदेशी लढाया सोडा, असई करा. सर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असईच मांडलीय. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुईच्या मधल्या बेचक्यात, समोर वॉटर्लूला ब्रिटिशांचा सेनापती असलेला वेलिंग्टनच, तेव्हा नुसता वेलस्ली. अडलंय कुठे तर शिंद्यांच्या तोफखान्याला किती रेटिंग द्यावं इथे, कारण तोफा जबरदस्त होत्या, ७४ व्या हायलँडर्सची त्यांनी काय दशा केली ते वाचा, पण रेटिंग तेवढं दिलं की वेलस्ली जिंकतच नाही आणि कमी दिलं की आपलेच लोक मला फाडून खातील. तुमच्यासारखा नियम मोडून दाखवणारा कुणी लागेल तिथे, आणि मित्रालाही आणा. पैसे नाही देऊ शकत, चहा-वडापाव नक्की.

नवीन काउंटर शीटबरोबर दुरुस्त ११.३ चं चिकटवायचं पान आणि स्क्वेअर-तोफ एकत्र केलेलं एक कार्ड टाकतोय, उद्याच्या कुरियरने निघेल. ज्यांनी ज्यांनी दुसरी आवृत्ती घेतलीय त्या सगळ्यांना पान आणि कार्ड फुकट, ऑर्डर नंबर मेसेज करा. सर, तुमचा पत्ता ऑर्डरमध्ये आहे तोच ना, बदलला असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.