आईचा ४११३ नंबरचा डाव

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका.

सांगलीला आईचा कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात बंद पडला. २००४ साली दादाने माझ्या इंजिनिअरिंगसाठी असेंबल करून दिलेला विंडोज एक्सपीचा डबा. मी २००८ ला पुण्याला आले, डबा आईकडेच राहिला. आता एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठा, उडालं. आई तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात गेली. वय ७१. तिथल्या पोराने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "काकू, भंगारात घाला. करता काय यावर?"

"फ्रीसेल खेळते."

तो हसला. मला राग त्या हसण्याचा आहे, भंगार म्हणाला त्याचा नाही. वर उपकार म्हणून तिच्या मोबाईलवर एक फुकटचं ॲप टाकून दिलं. दोन डाव झाले की रमीची जाहिरात, ती बंद करायची फुली मुंगीएवढी. आईने दोन दिवसांत दोनदा चुकून भलतंच काहीतरी डाऊनलोड केलं.

आता मुद्दा. आई नुसती फ्रीसेल (विंडोजमधला एकट्याने खेळायचा पत्त्यांचा गेम) खेळत नाही. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. २०१२ ला रिटायर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन डाव नंबर १ लावला. मग २. मग ३. ज्यांनी जुना फ्रीसेल खेळलाय त्यांना माहीत असेल, एफ३ दाबलं की डावाचा नंबर विचारतो. तो टाकला की तोच डाव येतो, दरवेळी तेच पत्ते त्याच जागी. आईकडे शंभरपानी वह्या आहेत. हजेरीपटासारखे रकाने आखलेले: नंबर, तारीख, किती वेळा प्रयत्न, शेवटी 'सुटला'. रोज साधारण एक डाव. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा तिने वह्या दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि मग मला फोन केला. त्या क्रमाने.

डबा बंद पडला तेव्हा ती ४११२ वर होती.

आणि त्या पोराला वाटतं फ्रीसेल म्हणजे फ्रीसेल, कुठलाही चालेल.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, एक्सपीत दहा लाख केले, पण पहिले ३२,००० तेच ठेवले. डावाच्या नंबरावरूनच गणिताने पत्ते पिसले जातात, त्यामुळे ४११३ जगात कुठेही लावा, एकच. १९९४-९५ मध्ये शंभराहून जास्त लोकांनी इंटरनेटवर ते ३२,००० वाटून घेतले आणि सोडवले. सगळे सुटले, एक सोडून. ११९८२. तो सुटतच नाही.)

हे ११९८२ प्रकरण मी एकदा हुशारी करून आईला फोनवर सांगितलं होतं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "मग सांगितलंस कशाला?" दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन: "मी हिशोब केला. रोज एक धरला तर तिथं पोचेपर्यंत मी ९१ ची होते. तेव्हाचं तेव्हा बघू."

तर शनिवारी मी सांगलीला गेले. दिवाळीत आईला लॅपटॉप दिला होता, विंडोज ११ वाला, तो व्हिडिओ कॉलपुरता उघडायचा. त्यावर मी आधी नेटवरून एक फ्रीसेल उतरवला, चकचकीत, हिरवळीवर सूर्यप्रकाश वगैरे. आईने एफ३ दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलीकडे बघायची तसं.

मग डब्याची हार्डडिस्क काढली. जुनी आयडीई, रुंद पट्टीच्या केबलची. तिला यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर पुण्याहून घेऊन गेले होते. जोडली, कुरकुरली, फिरली. एक्सपीत हे गेम विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये असायचे. फ्रीसेलची ईएक्सई, म्हणजे गेमची मुख्य फाइल, उचलली, लॅपटॉपवर टाकली, डबल क्लिक. एरर. कार्ड्स डॉट डीएलएल सापडत नाही म्हणे. बरोबरच आहे, पत्त्यांची चित्रं त्या फाइलीत असतात. ती पण आणून शेजारी ठेवली.

उघडला. हिरवा पट, वरती मधोमध तो राजाचा चेहरा, माऊस नेऊ तिकडे मान फिरवणारा. दोन फाइली. दोन्ही मिळून मोबाईलच्या एका फोटोएवढ्याही नाहीत. अकरा मिनिटं लागली, त्यातली चार स्क्रू शोधण्यात.

अकरा मिनिटं! आणि ७१ वर्षांच्या बाईला 'भंगारात घाला'.

बरं, मान्य आहे, माझं नशीब चांगलं. हा गेम ३२ बिटचा होता म्हणून चालला. त्याआधीच्या जमान्यातला, १६ बिटचा असता तर आजच्या ६४ बिट विंडोजने ढुंकूनही बघितलं नसतं. नव्वदीतले कितीतरी गेम स्वतः ३२ बिटचे, पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणून सीडी शाबूत असून दारातच अडकतात. आणि हो, कंपन्यांनी जन्मभर जुनं लोढणं गळ्यात बांधून फिरावं असं मीही म्हणणार नाही. पण निदान हसू नका.

आपल्यातल्या प्रत्येकाचा असा एक गेम आहे, उगाच मोठेपणा करू नका. शाळेच्या लॅबमध्ये चप्पल बाहेर काढून, एसीत कुडकुडत, सर बघत नाहीत तोवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त चीट चालावं म्हणून 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करणारे आपणच. शिफ्ट-एल दाबून लेव्हल पळवणारे आपणच. तो प्रिन्स आजही चालतो, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. २००२ पासून लोक ते बनवतायत, फुकट वाटतायत. जुन्या गेमांतले काही तर प्रोसेसरच्या वेगावर धावायचे, आजच्या मशीनवर सोडले तर सुरू व्हायच्या आत संपतील. म्हणून डॉसबॉक्समध्ये मशीन मुद्दाम मंद करता येतं, कंट्रोल-एफ११ ने. केवढा विचार केलाय बघा. विंडोज ७ वर एज ऑफ एम्पायर्स लावला की गवत जांभळं-लाल व्हायचं, कारण डेस्कटॉप आणि गेम २५६ रंगांवरून भांडायचे. उपाय काय, तर डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचा एक्सप्लोरर बंद करून खेळा. हे पण कुठल्यातरी अनोळखी माणसाने रात्री जागून शोधलं आणि आपल्याला सांगितलं. त्याला कोणी चहासुद्धा पाजला नाही.

राग थोडा उतरलाय. टाइप करता करता उतरतो.

त्या पोराचंही काय चुकलं म्हणा. विशीतला असेल, एक्सपी आला तेव्हा त्याचा जन्मही झाला नसेल. दिवसाला पन्नास लोक येत असतील, आई एक्कावन्नावी. दुरुस्तीचे दोनशे मागितले असते तर लोकांनी घासाघीस केली असती. पण एक प्रश्न विचारायचा होता रे बाळा. "काकू, कुठपर्यंत आलाय?" एवढाच.

एक गोष्ट राहिली. जुन्या फ्रीसेलमध्ये एफ४ दाबलं की जिंकले-हरले किती ते दिसतं. ते आकडे गेमच्या फाइलींत नसतात, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत असतात, मी ते आणले नाहीत. लॅपटॉपवर सगळी शून्यं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. आईने चष्मा वर केला, शून्यांकडे बघितलं, वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "त्याच्याकडे नसेना. माझ्याकडे आहे."

मग एफ३ दाबलं. ४११३ टाकलं. मी किचनमध्ये जाऊन चहा टाकला, तर मागून, "अगं, हे पत्ते किती बारीक!" लॅपटॉपची स्क्रीन बारीक ठिपक्यांची, गेमचे पत्ते २००१ च्या मापाचे. स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवणं, १५० टक्के केलं. पत्ते मोठे झाले, जरा धूसर झाले. चालेल म्हणाली.

रविवारी रात्री पुण्याला पोचले. आत्ता नऊ चाळीसला फोन आला. हॅलो नाही, पोचलीस का नाही.

"सुटला. तिसऱ्यांदा. चौकटचा एक्का तळाशी होता." मग जरा थांबून, "पण बदामची दश्शी आणि चौकटची दश्शी सारखीच दिसते हं. तू ते काय मोठं केलंस त्याने."

चष्म्याचा नंबर वाढलाय की स्केलिंग चुकलंय, ते पुढच्या शनिवारी बघते. तोवर ती ४११९ वर असेल.